पावसाविषयी बोलू नये

४ डिसेंबर १९७२

चांगुणा वन्सं,

आधी रागावून घेते, मग आशीर्वाद देते. गोजरबाई काल ऊसतोडीवरून आजारी पडून परत आली आणि टँकरपाशी, साऱ्या घागरींच्या गर्दीत, मला म्हणाली, "भागूबाई, तुझ्या नंदंला दिस गेल्यात की. चौथा सरत आला." माझ्या हातातली घागर कलंडली. त्या गर्दीत एवढं पाणी सांडलं आणि कुणी मला शिवी दिली नाही, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते ओळखा. ही बातमी मला तुमच्याकडून कळायला हवी होती. मायेनं माझ्या लेकीसारख्या, पण मानानं वन्सं, म्हणून जास्त बोलत नाही.

पत्ता गोजरबाईनंच दिला. तुम्ही श्रीरामपूरला कारखान्याच्या चाळीत राहता, पाव्हणे उसाच्या काट्यावर वजन करतात, दारात तुळस आहे आणि आत भिंतीवर येशूची तसबीर, असं ती सांगत होती. तुळशीला रोज पाणी मिळतं हे ऐकून मला हेवा वाटला.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. या घरात पाळणा हलला नाही. तो आढ्याला टांगलेला आहे आणि मी त्यात कांदे ठेवते. तुम्ही सात वर्षांच्या असताना मी या घरात आले, तेव्हापासून तुमच्याच वेण्या घालून माझी हौस फिटली. तेव्हा यायचं. तुमचे दादा तुमची रोज आठवण काढतात.

इथलं काय लिहू? पाझर तलावाच्या कामावर आम्ही बाया खडी फोडतो, सरकारनं वाटलेली सुकडी खातो. बैल चारा छावणीला गेले. तुमच्या दादांचं रेडिओचं मंडळ मात्र चालू आहे, म्हणजे रेडिओ बंद आहे आणि मंडळ चालू आहे. पंचायतीनं दिलेला तो रेडिओ आपल्या ओट्यावरच्या कोनाड्यात असतो, आठवतो ना? शुक्रवारी दिवेलागणीला शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, काही अडलं तर आकाशवाणीला कार्ड टाकायचं. दिवाळीत सेल संपले. नवे आणायला कुणी पाथर्डीला जात नाही. मी जुने सेल पत्र्यावर उन्हात ठेवते, मग तो थोडा वेळ कुजबुजतो आणि गप्प होतो. तरी माणसं शुक्रवारी येतात, पटके काढून गुडघ्यावर ठेवतात आणि मुक्या रेडिओकडं बघत बसतात.

रेडिओ बोलत होता तोवर विषय तोच द्यायचा. आता विषय माणसांनी आणले आणि भांडणं लागली. म्हणून तुमच्या दादांनी भिंतीवरच्या फळ्यावर नियम लिहायला घेतले. आधी लिहिलं, निवडणुकीविषयी बोलू नये. मग बांधाविषयी बोलू नये. मागच्या पंधरवड्यात मी टँकरच्या रांगेत होते, परत येऊन बघते तर दोन नवीन ओळी. पावसाविषयी बोलू नये. आणि त्याखाली, गाव सोडून गेलेल्यांचं नाव काढू नये.

ती शेवटची ओळ वाचून मी चुलीपाशी जाऊन बसले. ती कुणासाठी लिहिली ते कळायला मला मंडळात बसायची गरज नव्हती.

पण ते सोडा. तब्येत जपा. ओझं उचलू नका.

तुमची वहिनी,
भागूबाई


२९ डिसेंबर १९७२

वन्सं,

उत्तर नाही. पोस्टमन दिसला की मी पदर सावरते आणि तो सायकल न थांबवता जातो.

आज गंमत सांगते. निवडणूक नको, बांध नको, पाऊस नको, गेलेली माणसं नको. मग उरलं काय? खताविषयी बोलावं तर रानात ढेकळं. दोन शुक्रवार सगळे नुसते बसून राहिले. तंबाखू मळल्याचा आवाज तेवढा येत होता. तुमचे दादा खुर्चीत ताठ. शेवटी साळूबाई, ती आपल्या पलीकडच्या आळीतली सुईण, जिच्या हातावर तुम्ही जन्मलात, ती ओट्याच्या पायरीवर बसली होती. ती तुमच्या दादांना म्हणाली, "आबासायेब, सपनाचं बोललेलं चालंल का?"

"कसलं सपान?"

"मला नदी दिसली. पानी न्हवतं, पन मासं हुतं. वाळूतनं पोहत हुतं. माज्यापाशी येऊन थांबलं आन मला वळखलं त्यांनी."

कुणी हसलं नाही. मग वाद सुरू झाला. बन्सी म्हणाला, "नदीचं सपान म्हंजी पावसाचंच बोलनं झालं, नियमात बसत न्हाई." गहिनीनाथ म्हणाले, "सपान काय मानूस ठरवून बघतंय व्हय? त्याला कसला नियम?" गावात खायला नाही आणि आपल्या ओट्यावर स्वप्नांचा निवाडा चालला होता. मी दाराआड पीठ चाळता चाळता तोंडात पदर धरून हसत होते. शेवटी तुमचे दादा उभे राहिले आणि म्हणाले, "सपान चालंल. पन अर्थ कुनी विचारायचा न्हाई, आन कुनी सांगायचा न्हाई. सांगून झालं की गप बसायचं."

तशीच फळ्यावर ओळ पडली. स्वप्न सांगावे, अर्थ विचारू नये.

मग गहिनीनाथांनी सांगितलं. त्यांचे दोन्ही बैल यष्टीत खिडकीशी बसले आहेत, बाहेर बघताहेत, आणि कंडक्टर त्यांना तिकीट मागत नाही. "कुटं चालल्यात ते इचारायचं राहूनच गेलं," म्हणाले. छावणीत बैल सोडून आल्यापासून हा माणूस कुणाशी दोन शब्द बोलला नव्हता.

त्या संध्याकाळी सगळे उठून गेल्यावर ओट्यावर बराच वेळ थंडगार वाटत होतं. मला कसं सांगावं ते कळत नाही, पण जणू नुकतंच कुणी सडा घातला होता.

उत्तर टाका. नुसतं 'बरी आहे' एवढं लिहिलं तरी चालेल.

भागूबाई


१८ जानेवारी १९७३

वन्सं,

संक्रांत झाली. तीळ नव्हते, म्हणून बायांनी एकमेकींना नुसतंच गोड बोल म्हटलं. तुमच्या नावाचं वाण मी साळूबाईच्या ओटीत घातलं.

गावाला स्वप्नांचं वेड लागलंय. खडी फोडताना बाया विचारतात, "रातच्याला काय दिसलं ग?" ज्याला काही दिसलं नाही तो बिचारा तोंड पाडून बसतो. शुक्रवारी ओटा पुरत नाही. बाया आधी पायरीवर होत्या, आता सरळ वर येऊन बसतात आणि पुरुष सरकून जागा देतात. कुणाच्या स्वप्नात मतपेटीतून ज्वारी निघते. कुणाच्या स्वप्नात शेजाऱ्याचा बांध म्हैस होऊन चालू लागतो आणि शेजारी शेपूट धरून मागं पळतो, आणि तो शेजारी ओट्यावरच बसलेला असतो, त्यालाही हसू आवरत नाही. एकीनं सांगितलं, सगळं गाव कोरड्या तळ्यात निजलंय आणि चांदण्या अंगाखाली आहेत, कूस बदलली की टोचतात. नको म्हटलेलं सगळं ओट्यावर परत आलं, फक्त अंग बदलून आलं. कुणी अर्थ विचारत नाही, म्हणून भांडण होत नाही. बोललं की माणूस हलका होऊन घरी जातो.

मी ऐकते. मला मात्र स्वप्नं पडत नाहीत. दिवसभर हातोडा चालवला की पाठ टेकताच मी धोंडा. एक नाही पडलं वन्सं, आणि मला एक हवं आहे. फक्त एक, ज्यात तुम्ही असाल. मग मी चारचौघांत तुमचं नाव घेईन आणि कुणाला बोलता येणार नाही, कारण स्वप्न चालतं.

तुमचे दादा अजून एकही स्वप्न बोललेले नाहीत. सगळ्यांचं ऐकून घेतात आणि खडू खिशात ठेवतात. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, ते तुमची रोज आठवण काढतात म्हणून? ते माझ्या पदरचं होतं. दोन वर्षांत या घरात तुमचं नाव निघालेलं नाही. ज्या दिवशी तुमच्या लग्नाची बातमी आली, त्या दिवशी त्यांनी तुमची पाटी-पेन्सिल माळ्यावर ठेवली आणि शेताला गेले. रागावले असते तर मी समजूत घातली असती. गप्प माणसाची समजूत कशी घालायची?

भागूबाई


१३ फेब्रुवारी १९७३

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. छातीशी धरून मी गोठ्यात गेले आणि मोकळ्या दावणीपाशी बसून वाचलं. चारच ओळी, पण अक्षर तेच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची खोड तीच.

तुम्ही लिहिलंत, 'वहिनी, चोरून माहेरपण नको. दादांनी चारचौघांत माझं नाव घेतलं तर येईन. नाहीतर दवाखान्यात नाव घातलेलं आहे.' बरोबर लिहिलंत. मला राग आला नाही. वाईट वाटलं, ते वेगळं.

पण मी गप्प बसणारी नव्हे. शुक्रवारी ओट्यावर गेले आणि म्हणाले, मला सपान पडलं. पडलं नव्हतं. केलं मी ते, पिठलं हाटावं तसं. म्हणाले, उंबऱ्यात एक पोटुशी बाई उभी हाय, पायाला धूळ, हातात हिरवा चुडा, आन ती म्हनती, वयनी, पाय धुवायला पानी दे. मी घागर आनाया गेले तर घागर...

"बास," तुमचे दादा म्हणाले. "ही घरची गोष्ट झाली."

"सपान हाय ते."

"सपान न्हाई. तुला सपान पडत न्हाई, मला ठावं हाय."

सगळ्यांसमोर. गहिनीनाथ म्हणाले, "आबा, सपान खरं का खोटं ह्याची चौकशी तुज्या नियमात न्हाई." कुणी म्हणालं, नियम म्हणजे नियम. एकच कालवा झाला. वाळूतल्या माशांपासून सुरू झालेलं सगळं तिथं मोडलं. तुमच्या दादांनी खडू काढला, फळ्यावर आडवं लिहिलं, मंडळ बंद, आणि रेडिओवर घोंगडी टाकली.

जेवायला वाढलं तर जेवले नाहीत. मीही विचारलं नाही.

मी हरले वन्सं. तुमचं नाव तोंडाशी आणलं आणि घेता आलं नाही. घागर म्हणायच्या जागी तेव्हाच तुमचं नाव घ्यायला हवं होतं. तुम्ही म्हणता तसं दवाखान्यातच करा. पाव्हणे चांगले आहेत, तुम्हाला जपतात, असं गोजरबाई म्हणते. तेवढ्यावर मी माझं मन वळवते आहे, अजून वळलेलं नाही.

भागूबाई


२४ मार्च १९७३

वन्सं,

हे पत्र नीट बसून वाचा. उभ्यानं वाचू नका, तुम्हाला सातवा सरलाय.

मंडळ बंद झालं तरी माणसं येत राहिली. शुक्रवार आला की दिवेलागणीला ओट्यावर बसायची. कुणी बोलायचं नाही. तुमचे दादा आत असायचे आणि बाहेर अख्खं गाव गप्प बसलेलं. होळी झाली, मढीची जत्रा भरली, तरी तसंच. अशा बसलेल्या माणसांना घालवून कसं द्यायचं? काल ते बाहेर आले, खुर्चीत बसले नाहीत, खाली सगळ्यांच्यात बसले.

"मला सपान पडलं," म्हणाले. "लई दिसापास्नं त्येच पडतंय."

मी दारात होते. चाळण हातात तशीच राहिली.

"ह्यो ओटा हाय. समदे बसल्यात. रेडिओ चालू हाय, पन त्यातनं वाऱ्याचा आवाज येतुय. खाली अंगनात एक बाई हुबी हाय. ती म्हनती, येऊ का? मला बोलायचं हाय. पन फळ्यावर लिवलंय म्हून माजं तोंड उघडंना."

साळूबाई काठी टेकत पुढं सरकली.

"कोन बाई?"

"अर्थ इचारायचा न्हाई."

"अर्थ कुटं इचारते? नाव इचारते."

वन्सं, ओट्यावर तेव्हा सगळं कसं लांब लांब गेलं. उजेड निळा झाला होता, लिंबाचं पान हलत नव्हतं. ते आपल्या तळव्यावरच्या खडूच्या पांढऱ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "चांगुणा. माजी चांगुणा."

अख्ख्या गावासमोर. मी ऐकलं, गहिनीनाथांनी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं.

"मंग फुडं?" साळूबाई म्हणाली.

"फुडं काय. जाग आली."

"आता तर टक्क जागा हायेस न्हवं? मंग दे की तिला जवाब."

ते उठून फळ्यापाशी गेले आणि धोतराच्या सोग्यानं 'मंडळ बंद' पुसलं, मग गेलेल्यांच्या नावाची ओळ पुसली. पावसाच्या ओळीपाशी हात थांबला. तेव्हा साळूबाईनं जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण तुमच्या दादांनी सगळ्यांकडून वचन घेतलं होतं. मी टँकरच्या रांगेत होते त्या शुक्रवारी पाऊस का पडला नाही यावर बोलणं निघालं होतं. एक म्हणाला हवा बदलली, एक म्हणाला झाडं तोडली. आणि बन्सी म्हणाला, गावच्या पोरी धरम सोडून गेल्यावर कसा पडंल. नाव तुमचं घेतलं. दोघंतिघं व्हय व्हय म्हणाले. तुमच्या दादांनी कुणाला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. उठून त्या दोन ओळी लिहिल्या. पाऊस आणि गेलेली माणसं. पुन्हा कुणी त्या दोन गोष्टी एका वाक्यात बोलू नये म्हणून.

आणि मी चार महिने त्याच ओळींकडं बघून त्यांच्या ताटात रागानं भाकरी टाकत होते.

साळूबाई म्हणाली, "ती बी पूस, आबा. ज्याला जे बोलायचं ते बोलू दे. त्याला जवाब द्यायला आमी हावोत की. तू एकट्यानं किती दिस फळा धरून बसनार?"

त्यांनी पुसली. मग सगळे बन्सीकडं बघू लागले. तो मान खाली घालून पटक्याचा शेव पिळत होता. शेवटी म्हणाला, "माजी गाडी हाय. फाट्यावरनं आनाया." गहिनीनाथ म्हणाले, "आन बैल मी आनतो छावणीतनं एक दिसाकरता. दाखवतो त्यांना गाव." एवढंच. क्षमा वगैरे कुणी कुणाची मागितली नाही.

तुमची अट पुरी झाली. पाडव्याच्या आत या. यष्टी फाट्यावर थांबते, तिथं गाडी उभी राहील. पाव्हण्यांना घेऊन या, तुम्हाला सोडून तसंच माघारी जाऊ देणार नाही, जेवूनच जायचं. तुमची प्रार्थना असेल ती करा, माझ्या देवांची देवळी मी सांभाळीन. साळूबाईनं आत्तापासून हातांना तेल लावायला घेतलंय, तेल कुठून आणलं ते विचारू नका. गावात बोलणारे बोलतील, ते लपवत नाही. पण आता बोलतील ते ओट्यावर बोलतील आणि तिथं तुमचे दादा बसलेले असतील.

मी पाळण्यातले कांदे काढले. दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या आहेत, त्या बदलते आहे.

तुमचे दादा मघापासून दाराशी घुटमळताहेत. मी कुणाला पत्र लिहिते ते त्यांना पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं म्हणे. मी म्हटलं, तुमी दोन शब्द लिवा की. खडूची सवय, पेन हातात धरवत नाही म्हणाले. मग आत आले, कोनाड्यातल्या रेडिओवरची घोंगडी काढून घडी घातली, आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाले,

"तिला लिव, येताना रेडिओला सेल घेऊन ये म्हनावं. शिरामपुरात मिळत्यात."

दोन वर्षांनी भाऊ बहिणीशी बोलला, ते हे. मी आधी हसले, मग मला रडू आलं.

चार सेल लागतात, वन्सं. मोठे आणा.

भागूबाई